काका म्हणाले, ‘आमचं इन्स्टा तू बघ!’

दुपारचे अडीच वाजलेत. कॉलेज सुटलंय. आईनं सांगितलेलं पाव किलो तिखट घ्यायला तुम्ही बाजारातल्या नेहमीच्या दुकानात शिरता. गिऱ्हाईक कुणी नाही. काका गल्ल्यावर बसून मोबाइल बघतायत. तुमच्याकडे नजर जाते आणि ते म्हणतात, ‘‘तुले येस ना बेटा हाई इन्स्टा-बिन्स्टा? मना दुकानन्ं बी काढी दे ना!’’

तुम्ही हसता. ‘पाच मिनिटांचं काम आहे काका,’ म्हणता आणि तिथल्या तिथं अकाउंट काढून देता. नंबर आपला, ई-मेल आपला, पासवर्ड आपल्याच वाढदिवसाचा. दुकानाच्या पाटीचा एक फोटो टाकता, खाली दहा हॅशटॅग. काका खूश. तिखटाचे पैसे घेत नाहीत, वर चहा पाजतात.

अभिनंदन! तुम्हाला नोकरी लागली आहे. एका लहान धंद्याचे सोशल मीडिया मॅनेजर झालात तुम्ही. फक्त हे तुम्हालाही माहीत नाही आणि काकांनाही नाही. पगार, पाव किलो तिखट आणि एक चहा.

हसू नका. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर, कुठल्याही गावच्या बाजारपेठेत असंच चालतं. भाचा, पुतण्या, शेजारची पोरगी, दुकानातल्या मुनीमजींचा मुलगा, ज्याच्या हातात चांगला फोन दिसेल त्याला हे काम मिळतं. आणि बहुतेक वेळा तीन महिन्यांत ते बंद पडतं. शेवटची पोस्ट ‘शुभ दीपावली’ची. पुढच्या दिवाळीपर्यंत पेज तसंच पडून.

तुम्ही ते पाच मिनिटांचं काम समजता आणि काका फुकटची मदत समजतात. म्हणून ते टिकत नाही. खरं तर ते काम आहे. तुमच्या गावात, तुमच्या भाषेत, कॉलेज सांभाळून करता येण्यासारखं, पैसे मिळणारं काम. पण ते काम म्हणून ठरवून घ्यावं लागतं, आणि ते ठरवण्याची अक्कल काकांच्या आधी तुम्हाला यायला हवी.

बाजार आपला, गिऱ्हाईक कुठलंही

आपला जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. तेव्हापासून बाहेर आपली ओळख काय? दुर्गम, मागास, कुपोषण. पण देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं ते २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात, हेही आपल्याच जिल्ह्यात घडलं. त्यानंतर स्वस्त डेटा आला, दुकानाच्या काउंटरवर क्यूआर कोड चिकटला, आणि ज्या काकांना चेक भरायला कुणीतरी लागायचं ते आता ‘पाठवले का? आवाज नाही आला’ असं सहज विचारतात. जून २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टावर रील्स आल्या. आपली अर्धी पोरं तिकडे सरकली. काकांना दिसतंय की पोरं दिवसभर तिथंच असतात. आपलं दुकानही तिथं असावं असं त्यांना वाटलं, तर त्यात चूक काय?

आणि गिऱ्हाईक खरंच आहे. नंदुरबारची मिरची बाजारपेठ मोठी, हे सांगायला नको. हंगामात बाजार समितीत ओल्या लाल मिरचीच्या गाड्यांची रांग लागते. शहराबाहेर पथाऱ्यांवर मिरची वाळत पडते तेव्हा नुसतं बाजूनं गेलं तरी ठसका लागतो. नवापूरच्या तूरडाळीला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं. धडगाव-अक्कलकुव्याकडचा आमचूर, मोहाची फुलं, शहाद्याची पपई. हे खाणारी माणसं सुरतला आहेत, नाशिकला आहेत, पुण्या-मुंबईत आहेत. नोकरीसाठी गाव सोडलेला खान्देशी माणूस वर्षाचं तिखट आणि डाळ गावाकडूनच मागवतो. आजवर तो आत्याला फोन करायचा, आत्या दुकानात जायची आणि ट्रॅव्हल्सनं पार्सल जायचं. आता त्याला दुकानाचा नंबर हवाय, या वर्षाच्या मालाचा फोटो हवाय आणि भाव हवाय.

भाव! हा शब्द लक्षात ठेवा. पुढे त्याच्यावरूनच माझी फजिती होणार आहे.

पेपर चालू होता म्हणून

एफ.वाय.ला असताना मीही एका नातेवाइकांच्या मसाल्याच्या दुकानाचं पेज चालवायचे. सगळं वर लिहिलंय तस्सं केलं होतं. माझा नंबर, माझा मेल. पहिले दोन महिने जोरात. गिरणीतून पडणारं तिखट स्लो मोशनमध्ये, मागे गाणं. मैत्रिणींचे लाइक. काका सगळ्यांना सांगत फिरायचे, ‘आमच्या पोरीनं केलं.’

मार्गशीर्षात दत्तजयंती आली. सारंगखेड्याची यात्रा, घोडेबाजार, सगळा जिल्हा तापीकाठी. काकांनी तिथं स्टॉल लावला. मी रील टाकली, ‘यात्रेत भेटूया!’ रील चालली. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा एवढे व्ह्यूज बघितले. आणि नेमके माझे सेमिस्टरचे पेपर. फोन कपाटात. पाच दिवसांनी उघडला तर मेसेजेसचा ढीग. भाव काय? पार्सल करता का? स्टॉल कुठल्या बाजूला? एकानं लिहिलं होतं, ‘यात्रेत आलो होतो, तासभर फिरलो, स्टॉल सापडला नाही. पेजवर फोन नंबर तरी टाका.’

नंबर मी टाकलाच नव्हता. सुचलंच नाही. गाणं कुठलं लावायचं याचा विचार मात्र दोन तास केला होता.

पुढचं अजून वाईट. उन्हाळ्यात मी सिम बदललं, जुना नंबर बंद पडला. नवीन फोन घेतला आणि लॉगिन करायला गेले तर कोड जुन्या नंबरवर. अकाउंट गेलं. म्हणजे माझ्यासाठी गेलं, लोकांसाठी तिथंच होतं. त्यावर मागच्या हंगामाचा भाव लिहिलेला. नव्या हंगामात मिरची महागली आणि दुकानात येऊन लोक काकांना मोबाइल दाखवायला लागले. ‘इथं तर कमी लिहिलंय. आम्हालाच जास्त लावता का?’ काका मला कधीच काही बोलले नाहीत. पण त्यानंतर त्यांनी कुणालाच ‘इन्स्टा बघ’ म्हटलं नाही. दुसरं कुणीतरी हे काम नीट करू शकलं असतं, त्याचीही वाट मी बंद केली.

चाळीस वर्षं एकाच ठिकाणी दुकान चालवलेल्या माणसाची कमाई गल्ल्यात असते त्याहून जास्त त्याच्या नावात असते. ‘त्यांच्याकडे भाव एकच असतो,’ एवढं लोकांनी म्हणावं म्हणून तो माणूस आयुष्यभर झटतो. ते नाव त्यानं माझ्या हातात दिलं होतं आणि मी त्याला पासवर्ड समजले.

चावी कोणाकडे?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे तुम्हाला माहीत असतील, ‘आपली आजी’ म्हणून. शाळेत न गेलेल्या, सत्तरीतल्या आजी स्वयंपाक करतात आणि नातू यश कॅमेरा, एडिटिंग, चॅनेल सगळं बघतो. २०२० मध्ये त्यांचं यूट्यूब चॅनेल महाराष्ट्रभर गाजलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते हॅक झालं. काही दिवसांनी परत मिळालं, पण त्या काही दिवसांत त्या घराची अवस्था काय झाली असेल? आजीची आमटी आजीच्या हातात होती. पण ती लाखो लोकांपर्यंत नेणारा दरवाजा एका लॉगिनवर अडकला होता.

म्हणून पहिला नियम. अकाउंट दुकानाच्या नंबरवर, दुकानाच्या ई-मेलवर. काकांकडे ई-मेल नसेल तर आधी तो काढा, पासवर्ड त्यांच्या खतावणीच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून द्या. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, कोड येईल तो काकांच्या फोनवर. तुम्हाला काम करायला पासवर्ड लागतच नाही. फेसबुक पेज आणि त्याला जोडलेलं इन्स्टा असेल तर मेटा बिझनेस सूटमधून तुमच्या स्वतःच्या अकाउंटला काम करण्यापुरती परवानगी देता येते. तुम्ही सोडून गेलात तर ती काढून टाकायची, बस्स. गुगलवरच्या दुकानाच्या प्रोफाइलचंही तसंच, मालक काका आणि मॅनेजर तुम्ही.

हे केलंत की तुमचंही ओझं हलकं होतं. उद्या काही गडबड झाली तर ‘चावी त्या पोराकडे होती’ असं कुणी म्हणणार नाही.

मॅनेजर करतो काय?

मोठ्या शहरातल्या एजन्सीचं कोटेशन कधी बघा. महिन्याला बारा पोस्ट, चार रील, सणांची ग्रीटिंग्ज फ्री. मकरसंक्रांतीला पतंग, गुढीपाडव्याला गुढी, कोपऱ्यात दुकानाचा लोगो. अशी पतंगाची पोस्ट बघून आजवर कुणी एक किलो मिरची घेतली असेल तर मला त्या माणसाला भेटायचंय.

लहान दुकानाच्या सोशल मीडियाचं निम्म्याहून जास्त काम उत्तर देण्याचं असतं. रोज सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास, आलेल्या प्रत्येक मेसेजला उत्तर. आणि उत्तरात भाव. ‘प्राइस इनबॉक्स केली आहे’ हे जे सगळीकडे चालतं ना, ते बंद करा. आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला त्यात लपवाछपवी दिसते. भाव रोज बदलत असेल तर तसं लिहा, ‘आजचा भाव’ आणि तारीख. तारीख विसरलात तर काय होतं ते मी वर सांगितलंय.

त्यासाठी इन्स्टापेक्षा व्हॉट्सअॅप बिझनेस जास्त उपयोगी पडतं. ते अॅप २०१८ पासून आहे आणि फुकट आहे. त्यात मालाचा कॅटलॉग लावता येतो, दुकान बंद असताना आपोआप जाणारा मेसेज लिहून ठेवता येतो. ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ नंबर बसतात. पण एक मेख आहे. ज्यांनी दुकानाचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय, त्यांनाच तो मेसेज जातो. म्हणजे ‘नंबर सेव्ह करून ठेवा, नवीन माल आला की फोटो पाठवतो’ हे वाक्य गल्ल्यावर बसलेल्या काकांनीच बोलायला हवं. तुमचं काम मोबाइलमध्ये संपत नाही, काकांना बोलतं करण्यापर्यंत जातं.

उरलेल्या वेळात फोटो आणि व्हिडिओ. इथं तुम्ही पुण्यातल्या एजन्सीला सहज मागे टाकता. पथारी म्हणजे काय हे तुम्हाला माहितीय. फापडा, जरेला, व्हीएनआर यांतला फरक दुकानात उभं राहून विचारता येतो. कुठली नुसती रंगाला, कुठली जाळ काढणारी, हे काका दोन मिनिटांत सांगतील. तेच रेकॉर्ड करा. अहिराणीत बोलू दे त्यांना, शुद्ध मराठी करायला लावू नका. अहिराणी गाण्यांवर आज खान्देशाबाहेरच्या लग्नांतही नाच होतो, मग अहिराणीत मिरचीचा भाव सांगायला लाज कसली? नवापूरकडचं गिऱ्हाईक गुजरातीत विचारतं, धडगावकडचं पावरीत. तुमच्या वर्गात या सगळ्या भाषा बोलणारे बसतात. दोघा-तिघांनी मिळून हे काम घेतलं तर चार भाषांत उत्तर देणारं दुकान तयार होतं.

वर्षाची वहीही बाजारच ठरवून देतो. हिवाळ्यात मिरची आणि सारंगखेडा, होळीआधी भोंगऱ्या बाजार, उन्हाळ्यात साठवणीचा मसाला, पावसाळ्यात डाळ कशी टिकवायची. कुठला ‘कंटेंट कॅलेंडर’चा कोर्स लागत नाही त्याला.

फिल्टर मात्र लावू नका. कपड्याला, चेहऱ्याला काय लावायचं ते लावा, मिरचीला नाही. फोनमधलं एक बटण दाबलं की मिरची इतकी लालबुंद दिसते की घरी पुडा उघडल्यावर गिऱ्हाइकाला वाटतं, फसवलं. तोच पुडा, तोच माल, पण दुकानदार खोटा ठरला. दुपारच्या उन्हात, पांढऱ्या कागदावर ठेवून साधा फोटो काढा.

खोटं लिहायला सांगितलं तर?

सांगतात. मुद्दाम वाईट मनानं नाही, ‘सगळेच लिहितात’ म्हणून. जांभळाच्या बियांच्या पावडरीखाली लिही, ‘शुगर कायमची बरी.’ हे लिहायचं नाही. मधुमेहासारखे आजार बरे करण्याचे दावे जाहिरातीत करायला १९५४ पासून कायद्यानं बंदी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. काकांना कायदा सांगितलात तर ते चिडतील, आकडा सांगा. खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआयचा चौदा अंकी नंबर पुड्यावर आहे ना ते आधी बघा आणि फोटोत तो दिसू द्या. नवापूरची तूरडाळ म्हणून विकायची असेल तर ती खरंच नवापूरची आहे का, हे विचारायला लाजू नका. जीआय मानांकन त्या मातीतल्या डाळीला आहे, आपल्या दुकानातल्या प्रत्येक पिवळ्या डाळीला नाही.

गुगलवर मित्रांकडून वीस फाइव्ह-स्टार रिव्ह्यू टाकून घ्यायचा मोहही होतो. नका करू. एकाच दिवशी, एकाच कॉलेजच्या वीस पोरांनी एकाच किराणा दुकानाला ‘अमेझिंग सर्व्हिस’ दिली की गाव काय ते ओळखतं. त्यापेक्षा तुम्ही ज्यांना खरंच पार्सल पाठवलंय त्या सुरतच्या ताईंना विनंती करा. एक खरा, तक्रारीचा रिव्ह्यू आला तरी घाबरू नका. त्याखाली काकांच्या नावानं दोन ओळींचं नीट उत्तर लिहा, तेच लोक वाचतात.

गाण्यांचंही बघा. तुमच्या पर्सनल अकाउंटवर वाजणारं प्रत्येक गाणं दुकानाच्या बिझनेस अकाउंटवर मिळत नाही, कारण तिथला वापर धंद्यासाठी असतो. जुगाड करून लावलं तर आवाज बंद होतो किंवा व्हिडिओच उडतो. गिरणीचा आवाज, बाजाराचा आवाज फुकट आहे आणि ऐकायला बराही वाटतो.

आणि माणसांचे फोटो. पथारीवर देठ खुडणाऱ्या बायका, होळीत सजलेले बावा-बुध्या, भोंगऱ्यातल्या पोरी. काठीच्या होळीत हल्ली नाचणाऱ्यांपेक्षा शूटिंग करणारे जास्त दिसतात की काय असं वाटतं. आपल्या जिल्ह्यातली बहुसंख्य माणसं आदिवासी आहेत. त्यांचा चेहरा दुकानाची जाहिरात करायला वापरायचा तर आधी विचारायचं, कशासाठी ते सांगायचं आणि नाही म्हटलं तर कॅमेरा खाली. देठ खुडणाऱ्या मावशीचा व्हिडिओ एक लाख लोकांनी बघितला आणि मावशीला त्याचा पत्ताच नाही, ही कसली रील?

आता पैशांचं बोला

इथं आपली जीभ जड होते. ओळखीचे काका, रोजचं येणं-जाणं, पैसे कसे मागायचे? आणि किती मागायचे?

एक हिशोब देते, बघा पटतो का. राज्य सरकारनं २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. त्यात काम शिकायला जाणाऱ्यांना महिन्याला विद्यावेतन ठरलं, बारावी झालेल्यांना ६ हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्यांना ८ हजार आणि पदवीधरांना १० हजार. शिकाऊ माणसाला, पूर्ण वेळ. महिन्याचे २६ दिवस, रोजचे ८ तास धरले तर २०८ तास होतात. १० हजारांना भागलं तर तासाला साधारण ४८ रुपये. दुकानाचं काम रोज दोन तास करणार असाल तर महिन्याला ५२ तास, म्हणजे अंदाजे अडीच हजार रुपये. बारावीच्या दरानं धरलं तर दीड हजार.

हा शिकाऊ माणसाचा दर आहे हे विसरू नका. तुम्ही फोन तुमचा वापरता, डेटा तुमचा. त्यामुळे अडीच हजारांपासून बोलायला सुरुवात केली तर तुम्ही काही लूट करत नाही. काका ‘येवढे?’ म्हणतील. म्हणू द्या. पाटी रंगवणाऱ्याला त्यांनी पैसे दिलेच होते, आणि ती पाटी सुरतेतून दिसत नाही.

पहिला महिना कमी पैशांत, अजमावून बघायला करा. पण फुकट नको. फुकट कामाला काका माल दाखवायला वेळ देत नाहीत आणि तुम्ही पेपरच्या आठवड्यात गायब होता. दोघांनाही काही वाटत नाही, कारण ठरलेलंच काही नसतं.

जाहिरातीचा खर्च वेगळा. पोस्ट ‘बूस्ट’ करायची तर पैसे दुकानाच्या खात्यातून, काकांना विचारून, आकडा आधी ठरवून. तुमचा यूपीआय त्यात अडकवू नका. आणि जाहिरात दाखवायची कुठे हेही डोकं लावून ठरवा. नंदुरबारच्या दुकानाची जाहिरात नंदुरबारच्या लोकांनाच दाखवण्यात अर्थ नाही, ते रोज समोरून जातात. सुरतला मराठी वाचणाऱ्यांना दाखवा.

महिनाअखेरीला काकांना एक कागद द्या. त्यावर लाइक-फॉलोअर नको, काकांना त्याचं काय करायचंय? किती जणांनी विचारलं, किती जणांनी घेतलं, किती पार्सल कुठे गेली, सगळ्यात जास्त काय विचारलं गेलं. ‘अर्धा किलोचा पुडा आहे का असं चौदा जणांनी विचारलं’ हे वाक्य ऐकून दुकानदाराचे कान टवकारतात. पुढच्या महिन्यात अर्धा किलोचा पुडा आला, की तुमचा पगार कुणी विचारणार नाही.

आणि हे सगळं लिहून ठेवा. स्टॅम्पपेपर-बिपर काही नको, व्हॉट्सअॅपवर एक साधा मेसेज पुरे. असा काहीतरी:

‘काका, आज बोललो ते लिहून पाठवते. दुकानाचं इन्स्टा, फेसबुक, व्हॉट्सअॅप आणि गुगलचं पेज मी बघणार. सगळी अकाउंट तुमच्या नंबरवर राहतील. रोज सकाळी आणि संध्याकाळी आलेल्या मेसेजना उत्तर देणार. भाव तुम्ही दहा वाजेपर्यंत सांगायचा, तो त्या दिवशीच्या तारखेनं लिहिणार. आठवड्याला दोन व्हिडिओ, त्यासाठी बुधवारी दुपारी एक तास तुम्ही वेळ द्यायचा. महिन्याचे २५०० रुपये, पाच तारखेच्या आत. जाहिरातीचा खर्च वेगळा, तुम्हाला विचारून. परीक्षेचे पंधरा दिवस मी काम करणार नाही, तेव्हा माझी मैत्रीण बघेल, तिची ओळख आधी करून देईन. काम सोडायचं झालं तर दोघांपैकी कुणीही पंधरा दिवस आधी सांगायचं.’

काकांनी त्यावर नुसता अंगठा पाठवला तरी चालेल.

परीक्षेची ओळ गाळू नका हं. मी ती गाळली होती.

कधी जायचं विचाराल, तर दुपारी दोन ते चारच्या मध्ये जा, गिऱ्हाईक कमी असतं. जाण्याआधी दुकानाचं नाव गुगलवर शोधून बघा. पत्ता चुकीचा असेल, नंबर बंद असेल, रविवारी सुट्टी असून ‘उघडं आहे’ दिसत असेल. काहीतरी सापडेलच. ते काकांना दाखवा आणि तिथूनच बोलायला सुरुवात करा. आणि त्या दिवशी तिखटाचे पैसे द्या. आईनं दिलेत ना तुमच्याकडे.